पाहुणीला मताधिकार नाही

चि. धाकटीस ताईचे आशीर्वाद.

गुडघ्यांबद्दल तू काहीच कळवलं नाहीस, म्हणजे ते दुखत असणार. बरे असते तर तू फुशारकीने दोन पानं लिहिली असतीस. तुझ्या यजमानांना माझा निरोप सांग की खोकल्याचं औषध कपाटात ठेवून गुण येत नाही, ते पोटात जावं लागतं. माझं मनगट ठीक आहे. डावं असल्यामुळे लिहायला अडचण नाही. फक्त पातेलं उचलणं, कपडे पिळणं आणि टाळ्या वाजवणं बंद आहे. (टाळ्या मी एरवीही फारशा वाजवत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.)

आता मुद्द्याचं. मागच्या पत्रात तू मला सल्ला दिलास की आता एकटीने राहणं पुरे झालं, लेकीकडेच राहा आणि तुझ्या ओळखीच्या त्या शाळेतल्या बाईंना माझं घर भाड्याने दे. हा सल्ला मी वाचला आणि फेटाळला. आपल्याच जिन्यावर एकदा पाय घसरला म्हणून कोणी राज्य सोडून निघून जात नाही. मी इथे पाहुणी आहे. प्लॅस्टर निघालं की मी माझ्या घरी. हे वाक्य मी इथे रोज सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना ऐकवते, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. तेच वाक्य माझ्या अंगाशी कसं आलं ते तुला सांगायचं आहे, तेव्हा चष्मा लाव आणि पाय वर घेऊन बस. पत्र मोठं आहे.

आधी घर समजून घे, कारण तू इथे एकदाच आलीस आणि तेव्हाही सगळा वेळ बाल्कनीत बसून समोरच्यांच्या कुंड्यांना नावं ठेवलीस. दुसरा मजला, एक हॉल, तीन खोल्या, आणि माणसं इतकी असून न्हाणीघर एकच. खोल्यांपैकी एक इतकी चिंचोळी की आत कपाट उघडायचं तर कॉटवर बसावं लागतं. लेक हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे दिवसभर परक्यांचे हातपाय वाकवते आणि संध्याकाळी येऊन माझा हात. जावई लिफ्ट दुरुस्त करतात. (स्वतःच्या इमारतीतली लिफ्ट मात्र कायम बंद. हा विनोद त्यांना आवडत नाही, हे मला तो बऱ्याचदा करून झाल्यावर कळलं.) नात अकरा वर्षांची आहे. तिला घरात चिमटा म्हणतात, कारण एकदा काही धरलं की ती सोडत नाही. धाकट्या नातवाचं नाव पडलंय गोगलगाय. शाळेचा एक बूट चढवायला तो जेवढा वेळ घेतो तेवढ्यात एखादं सरकार पडून दुसरं शपथ घेईल. आणि राहिल्या जावयांच्या मातोश्री, म्हणजे माझ्या विहीणबाई.

विहीणबाईंबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. कॉलेजात राज्यशास्त्राच्या पहिल्याच वर्षी आम्हाला सत्ता आणि अधिकार यांतला फरक शिकवला होता. दुसऱ्याकडून आपल्याला हवं ते करून घेण्याची ताकद ती सत्ता. आणि ते करून घेण्याचा तुमचा हक्क लोकांनी मान्य केलेला असला की तो अधिकार. मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते तेव्हा माझ्याजवळ किल्ल्यांचा जुडगा होता, शिक्का होता, सूचनाफलक होता आणि गळ्यात शिट्टी होती. विहीणबाईंजवळ यातलं काहीच नाही. त्या आवाज चढवत नाहीत. कोणाला काही करायला सांगत नाहीत. स्वयंपाकघरात खिडकीशी स्टूल टाकून भाजी निवडत बसतात आणि मान वर न करता पुटपुटतात, "दूध उतू जाईल बहुतेक." की तीन दारांतून तीन माणसं धावत येतात. इथे आल्यावर पहिल्या काही दिवसांत मीही धावले, प्लॅस्टरसकट. गॅसपाशी पोचल्यावर लक्षात आलं की विहीणबाई दुधाच्या अगदी शेजारी बसल्या होत्या. चाळीस वर्षं शिट्टी फुंकूनही माझ्या मुली इतक्या झपाट्याने आल्या नाहीत, हे मला तिथल्या तिथे कबूल करावं लागलं. मनातल्या मनात, अर्थात.

आम्हा दोघींचे संबंध तोवर अतिशय उत्तम होते, म्हणजे काळजी करण्याइतके उत्तम. "तुम्ही घ्या ना," "छे छे, आधी तुम्ही," असं करत आम्ही दोघींनी पुष्कळ चहा गार केला. लेक म्हणाली, "आई, तुम्ही दोघी एकदा कडकडून भांडून का घेत नाही?" मी तिला सांगितलं की दोन विहिणींमध्ये मैत्री नसते, परराष्ट्र धोरण असतं. सीमा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर होती. मी तो ओलांडून फक्त सूचना करायला जात असे. (कांदा उभा चिरावा की आडवा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. तिथे मी गप्प बसू शकत नाही.)

खरा पेच होता तो भूप्रदेशाचा. मी आले तेव्हा मला चिमट्याची चिंचोळी खोली दिली आणि तिची रवानगी हॉलमधल्या सोफ्यावर झाली. पोरगी तक्रार करणारी नाही. पण रोज शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी ती दारात उभी राहून विचारायची, "आजी, हात कसा आहे?" आणि तो प्रश्न ज्या सुरात यायचा त्या सुरात घरमालक भाडेकरूला दुसरं घर मिळालं का असं विचारतो.

तर तिची नागरिकशास्त्राची परीक्षा जवळ आली होती आणि धडा होता शासनपद्धती. मी सहज तिची तयारी तपासली. राजेशाही आणि हुकूमशाही यांतला फरक तिने सांगितला तो असा की राजाला मुकुट असतो. लोकशाहीची व्याख्या तिने केली, "आधी मत द्यायचं आणि मग तक्रार करायची." (यात तथ्य आहे, पण याला गुण मिळत नाहीत.) माझं डोकं उठलं. पाठांतराने हे सुधारणार नव्हतं. म्हणून रविवारी नाश्त्याला मी जाहीर केलं की आता प्रत्येक शासनपद्धती या घरात प्रत्यक्ष लागू होईल, म्हणजे जन्मात विसरणार नाही. जावयांनी विचारलं, यातून सूट मिळते का. मी म्हटलं, नागरिकाला राज्यातून सूट नसते.

पहिली राजेशाही. राज्य वंशपरंपरेने आणि वयाने चालतं, त्यामुळे मुकुट विहीणबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "मला नको बाई, मला चादरी वाळत घालायच्यात." तरी त्यांना आम्ही आरामखुर्चीत बसवलं. मी त्यांना समजावलं की अनियंत्रित राजसत्तेत तुमचा शब्द हाच कायदा, काय हवी ती आज्ञा द्या. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "आज ज्याने त्याने आपापलं ताट घासावं," आणि झोपायला गेल्या. संपूर्ण कारकिर्दीत ही एकच आज्ञा. त्या दिवशी जावयांनी लग्नानंतर प्रथमच ताट घासलं, आणि गंमत बघ, ती आज्ञा अजून कोणी मागे घेतलेली नाही. मोठमोठ्या सम्राटांचे कायदे त्यांच्याबरोबर गेले. या बाईचा सिंकवर अजून चालू आहे.

नंतर हुकूमशाही. ती जावयांनी मागून घेतली आणि इतक्या उत्साहाने की मला त्यांच्याबद्दल नव्यानेच विचार करावा लागला. भल्या सकाळी त्यांनी मेन स्विच खाली ओढला, फ्यूज काढून खिशात टाकला आणि हॉलमध्ये येऊन घोषणा केली की आजपासून न्हाणीघरात सर्वांत आधी ते जातील, टीव्हीवर त्यांचीच मॅच लागेल आणि लिफ्टबद्दल कोणी विनोद करणार नाही. चिमटा वहीत भराभर उतरवून घेत होती. लेकीने विरोध केला तर तिला नजरकैदेत टाकल्याचं सांगण्यात आलं. ती म्हणाली फार बरं झालं, आणि पांघरूण ओढून पुन्हा झोपली. मी वाट पाहत होते की विहीणबाई काय करतात. त्यांनी काहीच केलं नाही. काडी ओढून गॅस पेटवला, चहा केला, कप ट्रेमध्ये ठेवून प्रत्येकाला नेऊन दिला. नातवाला दूध दिलं. हुकूमशहांचा कप काही आला नाही. ते वाट बघत उभे. शेवटी ते स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "आई, माझा चहा?" त्या म्हणाल्या, "तू आता मोठा माणूस झालास रे. मला वाटलं, तू ऑर्डर काढशील." फ्यूज जागेवर बसला. मी चिमट्याला लगेच सांगितलं, लिहून घे: यालाच अधिमान्यता गमावणं म्हणतात. लोक मनातून मानेनासे झाले की खिशातल्या फ्यूजचा उपयोग नसतो.

(अराजकाचा प्रयोग आम्ही केला नाही. ते गोगलगायीच्या खेळण्यांच्या कोपऱ्यात आधीपासूनच नांदत आहे. आणि मूठभरांचं राज्य कसं असतं ते दाखवायचीही गरज पडली नाही, कारण लेक आणि जावई बेडरूमचं दार लोटून कुजबुजतात आणि बाहेर आल्यावर सगळं ठरलेलं असतं, हे मुलांना पाठ आहे.)

मग लोकशाही आली आणि मी पदर खोचला. लोकशाहीला घटना लागते, आणि घटना लिहायला माझ्याइतकं योग्य माणूस त्या घरात कोण होतं? एका दुपारी मी ती लिहून काढली आणि चुंबकाने फ्रीजवर लावली. सत्तेचं विभाजन केलं: नियम करणारे वेगळे, अंमल करणारे वेगळे, चुकलं कोण ते सांगणारे वेगळे. लहानांनाही मत दिलं, कारण जो रोज घरातलं एखादं काम करतो तो सहा वर्षांचा असला तरी नागरिकच. त्या वेळी नेमका नळ गळत होता म्हणून प्लंबर आलेला. गोगलगायीने विचारलं, "या काकांना पण मत?" प्लंबर नळाखालून म्हणाला, "द्या की, मी तुमच्या घरी इतक्यांदा येतो." मी दोघांनाही ठणकावलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला मत नाही, नाहीतर राज्य आणि बसस्टॉप यांत फरक काय राहिला? आणि तिथल्या तिथे कलम दोन घातलं: या घरात कायम राहणाऱ्या व्यक्तीलाच मताधिकार असेल. शाई वाळायच्या आधी सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. तेव्हा चिमटा माझ्या सहीकडे जरा जास्त वेळ बघत होती, पण मला वाटलं अक्षर बघतेय.

रविवारी हॉलमध्ये पहिली सभा भरली. सभापती मी. कामकाजात एकच ठराव होता, मांडणारी चिमटा: प्लॅस्टर निघेल त्या दिवशी चिंचोळी खोली तिच्या मूळ मालकिणीला परत द्यावी. भाषा नम्र होती, अर्थ स्वच्छ होता. खोली परत म्हणजे आजी परत. मी म्हटलं, ठराव रास्त आहे, मी स्वतःच याच्या बाजूने मत देणार आहे, कारण मी तर जाणारच.

"हरकतीचा मुद्दा," चिमटा म्हणाली.

"मांड."

"आजी, तू मत देऊ शकत नाहीस. आणि सभापतीपण होऊ शकत नाहीस. कलम दोन."

"ते कलम मी लिहिलंय."

"म्हणूनच ना. तू कायम राहणार आहेस का इथे?"

धाकटे, मी तुला काय सांगू. जावई हळूच म्हणाले, "हो म्हणून टाका ना, आई. संपला विषय." लेक खाली मान घालून आपल्याच बोटांची मोजणी करत होती. तेव्हा मला कळलं की हा प्रश्न चिमट्याने काढला असला तरी तो घरात माझ्या आधीपासून येऊन बसला होता, आणि रोज सकाळी चहाबरोबर ते वाक्य ऐकून माझी लेक काय गिळत होती ते मी पाहिलंच नव्हतं. 'हो' हे एका अक्षराचं उत्तर. ते माझ्या तोंडातून निघेना. 'नाही' हे माझं रोजचं उत्तर, तर तेही त्या दिवशी निघेना. मी उठले आणि बुटांच्या स्टँडशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. तिला त्यांनी प्रेक्षकांची गॅलरी असं नाव दिलं. घटना लिहिणारी व्यक्ती चपलांशेजारी, असं इतिहासात क्वचितच घडलं असेल. पण एक सांगते, तिथे बसून मला त्या पोरीचा अभिमानच वाटला. कायदा लिहिणाऱ्याला कायद्याच्या आत ठेवणं हे मी वसतिगृहात कोणाला शिकवलं नाही. तिथे नियम माझ्या दाराशी येऊन थांबत.

सभापतिपद लेकीकडे गेलं. सभापती एरवी मत देत नाही, समसमान झाली तरच निर्णायक मत देतो, हेही मीच लिहिलेलं. आता हिशेब बघ. चिमटा ठरावाच्या बाजूने. गोगलगायही बाजूने, कारण त्याचं मत चिमट्याने आदल्या दिवशीच एका कासवाच्या आकाराच्या खोडरबरावर विकत घेतलं होतं. (निवडणूक सुधारणांवर मी वेगळं कलम तयार करत आहे.) जावई विरोधात. त्यांनी हात वर केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "आई असल्या की घरात मॅच बघायला कोणीतरी असतं." (मी मॅच बघत नाही. मी पंचांच्या चुका बघते.) राहिल्या विहीणबाई. त्या बाजूने गेल्या तर मी बाहेर. विरोधात गेल्या तर दोन विरुद्ध दोन, आणि मग माझ्या लेकीला सगळ्यांसमोर आपल्या मुलीच्या विरुद्ध किंवा आपल्या आईच्या विरुद्ध हात वर करावा लागणार. तिचा चेहरा मला गॅलरीतून दिसत होता. तो चेहरा मी ती दहावीचा निकाल घेऊन आली तेव्हा पाहिला होता, त्यानंतर त्या दिवशीच.

मला खात्री होती की विहीणबाई मला घालवणार. मी त्यांच्या जागी असते तर घालवलं असतं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत आणि एका स्वयंपाकघरात दोन विहिणी तर नाहीतच.

विहीणबाईंनी मटार सोलता सोलता सुनेकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही बाई. पण मध्येच वाक्य बदलता येतं का?"

"त्याला दुरुस्ती म्हणतात, आज्जी," चिमटा म्हणाली. "येतं."

"मग असं लिही. पोरीची खोली पोरीला आजच द्या, प्लॅस्टर कशाला निघायला हवं? अभ्यास आहे तिचा. आणि विहीणबाईंची कॉट माझ्या खोलीत येईल. खिडकीकडची बाजू त्यांना. मला वारा सोसत नाही."

मी खुर्चीतून म्हटलं, "माझी संमती कोणी घेणार आहे का? राज्य हे संमतीवर उभं असतं."

"प्रेक्षकांनी शांत राहावं," चिमटा म्हणाली, आणि तिच्या आईला निर्णायक मताची गरजच उरली नाही. दुरुस्ती एकमताने मंजूर. गोगलगायीने तर दोन्ही हात वर केले.

धाकटे, मी राज्यशास्त्राची बी.ए. आहे. वाटाघाटी, तडजोड, संघराज्य, अल्पसंख्याकांचं संरक्षण यांवर मी पानंच्या पानं लिहून पहिला वर्ग मिळवलेला आहे. पण त्या बाईने हातात मटाराची शेंग धरून जे केलं त्याला तोड मला कुठल्या पुस्तकात सापडली नाही. पोरीला तिचा प्रदेश मिळाला. जावयांचं मत वाया गेलं नाही. माझी लेक आई आणि मुलगी यांच्यामध्ये चिरडली गेली नाही. आणि माझ्या तोंडून 'हो' वदवून घ्यायचं संकट आलंच नाही. एवढं सगळं एका दुरुस्तीत, आणि वर "मला वारा सोसत नाही." त्या खिडकीतून वारा येत नाही, धाकटे. समोर भिंत आहे. मी स्वतः जाऊन पाहिलं. पण उजेड सगळा त्याच बाजूला आहे.

दुपारी जावयांनी माझी कॉट सरकवून दिली. सगळे आपापल्या खोल्यांत गेल्यावर मी विहीणबाईंना स्पष्ट विचारलं. मी म्हटलं, "तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

"अर्थात."

"म्हणून नाही विचारलं."

मी म्हटलं, "मी तुमच्या कांद्याला नावं ठेवते. तुमच्या डब्यांची जागा बदलते. राग नाही येत तुम्हाला?"

"येतो की! परवा तर इतका आला, म्हटलं ही बाई जाते कधी." त्यांनी उशीचा अभ्रा झटकला. "पण सकाळी ही सगळी गेली, की संध्याकाळपर्यंत मी आणि तो फ्रीज. रागवायलासुद्धा घरात कोणी लागतं, विहीणबाई."

माझ्याकडे घरी तर फ्रीजसुद्धा बंद पडलेला आहे, आवाज करत नाही.

तर सध्या आमच्या खोलीत संघराज्य आहे. खिडकीची बाजू आणि भिंतीची बाजू आपापल्या कारभारात स्वायत्त, पंख्याचा वेग हा सामाईक विषय, आणि त्यावर रोज बैठक होते. कांद्याबद्दल मतभेद कायम आहेत आणि ते आता आम्ही मोकळेपणाने, म्हणजे मोठ्याने मांडतो. लेक परवा हॉस्पिटलला जाता जाता दारात थांबून ऐकत होती. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, भांडा." आणि हसत जिना उतरून गेली.

याचा अर्थ मी तुझा सल्ला मानला असा काढू नकोस. खोली बदलणं वेगळं आणि देश बदलणं वेगळं. गुडघ्यांना शेक दे आणि उलट टपाली खरं काय ते कळव.

तुझी,
ताई

ता. क. प्लॅस्टर निघून बरेच दिवस झाले, ते वर लिहायचं राहून गेलं. पातेल्याबद्दल लिहिलं ते सवयीने. पातेलं उचलता येतं, पण विहीणबाई उचलू देत नाहीत, आणि मीही फार आग्रह धरत नाही.

ता. क. दुसरा. चिमट्याला नागरिकशास्त्रात बरे गुण पडले, आणखी पडले असते. हुकूमशाही कशी कोसळते या प्रश्नाला तिने लिहिलं, "चहा न दिल्याने." तिच्या वर्गाच्या बाईंनी त्यावर लाल शाईत प्रश्नचिन्ह काढलं आहे. मी त्यांना भेटायला जाणार आहे.

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. कलम दोनमध्ये नागरिकत्वासाठी अर्ज करायची सोय नव्हती. ती मी दुरुस्तीने घातली आणि पहिला अर्ज माझाच केला. चिमट्याने काल तोंडी परीक्षा घेतली. एकच प्रश्न होता: या घरात राज्य कोणाचं? मी म्हटलं, घटनेचं. तिने मला नापास केलं. बरोबर उत्तर मला येत होतं गं, पण विहीणबाई समोरच बसून माझ्या पद्धतीने, उभा, कांदा चिरत होत्या. त्यांच्या तोंडावर मी ते कसं देणार? फेरपरीक्षा रविवारी आहे. त्या वेळी त्या चादरी वाळत घालायला गच्चीवर असतात, हे मी बघून ठेवलं आहे. मी आयुष्यात एकाच परीक्षेला दोनदा नापास झालेली नाही, तेव्हा तू तुझ्या ओळखीच्या त्या शाळेतल्या बाईंना तुझ्याजवळची माझ्या घराची किल्ली देऊन टाक.